आरशातला दिवा

तिथे नको, तिथे नको — फोम चिकटवायचं सोल्युशन सांडलंय तिथे, पँटचं वाटोळं होईल. इकडे या, फोमच्या गठ्ठ्यावर बसा, दबला तरी चालतो, नाहीतरी उद्या त्याच्यावर कुणीतरी बसणारच आहे. हां. तर मी काय म्हणत होतो — नाही म्हणजे नाही. तुमचा मोटरसायकल क्लब मोठा, तुम्ही त्याचे सेक्रेटरी, एवढं दुकान शोधत आलात, सगळं मान्य. पण ते ‘वर्षातला उत्तम सोबती’ की काय ते बक्षीस मला नको. स्टेजवर उभं राहून चार शब्द बोला म्हणता — मला चार शब्द येत नाहीत हो. काय? आत्ता बोलतोय ते? अहो हे वेगळं. हातात काम असलं की माझं तोंड आपोआप चालतं, काम काढून घेतलं की मी मुका. बायको म्हणते, हा जेवायला बसला की घरात शांतता असते. मी सीट शिवणारा माणूस, मोटरसायकलच्या सीटा, दुसरं काही नाही. लोक माझ्या कामावर बसतात आणि विसरून जातात, आणि मला ते बरं वाटतं.

आणि अर्ज मी केलेलाच नाही, मग बक्षीस मला कसं? बघू द्या तो कागद. नको, हात चिकट आहेत, तुम्हीच धरा समोर — हो, दादाचंच अक्षर. दुसऱ्या कुणाचं असणार! तेहतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली त्याने, डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून वैतागला असेल म्हणून स्वतःचं असं टपोरं काढतो. ‘माझा धाकटा भाऊ जिवाची पर्वा न करता’ — कसला जीव आणि कसली पर्वा! ‘घाटात मी पडलो असता अवघ्या अर्ध्या तासात परत येऊन, एकट्याने गाडी उचलून’ — गाडी उचलली हे खरं आहे. ते लिहा पाहिजे तर. पाठ अजून दुखते. आणि खाली काय टाचलंय? हॉस्पिटलचा कागद? बघा, बघा! अर्जाला कागद जोडला माझ्या भावाने. काउंटरची सवय. कागदाशिवाय गोळी द्यायची नाही.

नाही, तो नाही आत्ता घरात. वर राहतो तो, ह्याच जिन्याने. वहिनीने नेलंय त्याला, पायाचं माप द्यायला. नवा पाय बसवायचाय ना. डावा, गुडघ्याच्या खाली. तुम्हाला माहीत नव्हतं? अर्जात ‘किरकोळ इजा’ लिहिलंय? वा! पाय गेला ती किरकोळ इजा आणि मी आलो ते मोठं. असा आहे तो. तुम्ही थांबलात तर भेटेल, पण थांबू नका, मी सांगतो म्हणून.

हे काय शिवतोय म्हणता? हे त्याच्यासाठीच आहे. मागच्या सीटला पाठीचा टेका. हे बघा, कमरेपाशी फोम जाड ठेवलाय, वर पातळ केलाय, डाव्या बाजूला असा उंचवटा काढलाय म्हणजे मांडीला आधार मिळेल, घसरायला होणार नाही. तीन वेळा उसवलं मी हे. गिऱ्हाइकाला एकदाच करून देतो, सरळ सांगतो, पटलं तर घ्या. पण हे जमतच नाहीये. त्याला परत जायचंय. त्याच रस्त्याने, त्याच तळ्यावर, तंबू ठोकून राहायचंय. म्हणतो, मागच्या वेळी तळं बघायचं राहून गेलं रे, या वेळी तू चालव, मी मागे बसतो. माझ्या मागे! आता तुम्हीच सांगा — नाही, सांगू नका.

त्या वेळी दोघांच्या दोन गाड्या होत्या. दादा नोकरीतून मोकळा झाला तेव्हा वहिनीनेच विषय काढला होता, की भावजी, यांना कुठेतरी घेऊन जा, हे घरात भांड्यांना लेबलं लावत सुटलेत. खरंच लावली होती. ‘साखर, बारीक.’ ‘साखर, जाड.’ मग ठरलं, चार दिवस, डोंगर चढायचा, पलीकडे ती तीन तळी आहेत एकाखाली एक, तिथे राहायचं. मी आपला तंबू, स्टोव्ह, एक बॅग. आणि दादा? घडीची खुर्ची. किटली. दोन उश्या, एक त्याची एक माझी. औषधांची पेटी, अर्थात. सुतळीचा गुंडा. सगळं दोरीने बांधलेलं, आणि दर दहा मैलांवर गाठ सुटायची. पहिल्या दिवशी किटलीचं झाकण पडलं कुठेतरी, तर हा बाबा माघारी फिरला! बारा मैल, झाकणासाठी! मी म्हटलं दादा, झाकणाशिवाय चहा होतो. म्हणतो, होतो, पण गार होतो. सापडलं ते, काय नशीब. रस्त्याच्या मधोमध पडलं होतं, एक ओरखडा नाही.

हसताय ना? मी पण हसलो असतो, दुसऱ्याचा भाऊ असता तर. पण मी दोन दिवस त्याच्यापुढे गाडी चालवत होतो हो. पुढे म्हणजे, आमचा एक नियम आहे, दादानेच लावून दिलेला, मी गाडी शिकलो तेव्हापासूनचा. दोघं चाललो की मी पुढे, तो मागे, आणि दिवसाउजेडीसुद्धा दिवा लावलेला. माझ्या आरशात त्याचा दिवा दिसतोय तोवर मी चालत राहायचं. दिसेनासा झाला की थांबायचं, पाच मिनिटं वाट बघायची, नाही आला की मागे फिरायचं. बस. तुमच्या क्लबातही असंच असेल काहीतरी. म्हणायचा, मला तुझी काळजी करायला लावू नको, मागे मी आहे. तो मागे असतो म्हणजे माझ्यावर नजर ठेवतो, असं त्याला वाटायचं. आता कोण कुणावर ठेवणार होतं ते सोडा.

तर तुम्हाला पाहिजे ती गोष्ट अशी, लिहून घ्या. दुसरा दिवस. घाटमाथ्यावर दादाने चहा केला, झाकण लावून. दोनला आम्ही निघालो. उतार लागला, वळणं लागली, खडी पसरलेली होती. माझ्या आरशात दिवा होता, मी चालत राहिलो. मला काय माहीत तो दिवा दादाचा नव्हता! मधे कुठेतरी जंगलखात्याच्या डेपोकडून एक वाट येते, तिथून एक डाक वाटणारी बाई आपल्या गाडीवर आमच्या मधे शिरली होती. दादा तिच्याही मागे खडीवर घसरून रस्त्याखाली गेला होता, आणि मी तिचा दिवा बघत तसाच पुढे. पुढे फाटा आला, तिथे ती बाई हात करून माझ्या शेजारून दुसऱ्या वाटेने निघून गेली, आरसा रिकामा झाला, आणि मी गाडी वळवली. संपलं. असंच सांगतो मी. दोन वर्षं असंच सांगतोय, सगळ्यांना, जेवताना, फोनवर, शेजारणीला. दादा तर माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. ऐकणारे माझ्याकडे असं बघतात ना — तेव्हा मी भांडी उचलून आत जातो. बायकोला वाटतं मी विनयशील आहे!

काय मोजताय? फाटा ते ती जागा? नऊ मैल. हो, वीस मिनिटं, फार तर. मग? हॉस्पिटलात किती वाजता — कागदावर आहे ना, मला कशाला विचारता. सव्वासात. बरं. हॉस्पिटल तिथून दीड तास. हो. म्हणजे पावणेसहाला काढलं त्याला, बरोबर. आणि पडला सव्वादोनला. हो ना. अहो पिकअप मिळायला वेळ लागतो, आडरस्ता आहे, तिथे काय स्टँड आहे? फोन लागत नाही. गाडी उचलायची, माणूस उचलायचा — साडेतीन तास नाही लागत म्हणता. हं. तुम्ही आकड्यांत पक्के दिसता. शाळेत शिकवता की काय? विम्यात! तरीच. विमेवाला सेक्रेटरी पाठवलाय मला, छान.

कात्री द्या जरा ती. नाही, ती मोठी.

नाही लागले साडेतीन तास. पंधरा मिनिटं लागली काढायला आणि पिकअप तर समोरूनच येत होतं. मी फाट्यावरून वळलो नाही. झालं समाधान? आरसा रिकामा झाला, मी थांबलो, गाडी बंद केली, ऐकलं. काही आवाज नाही. आणि मला वाटलं, परत दोरी सुटली असेल. खरंच वाटलं, आईशप्पथ. परत उश्या गोळा करत असेल, परत झाकण शोधत असेल, आणि मी इथे पाच मिनिटं उभा राहणार, मग मागे जाणार, मग तो म्हणणार, आलास? बरं झालं, हे टोक धर. आणि तळ्याकाठी एकच सपाट जागा आहे, उशीर झाला की दुसरं कुणीतरी तंबू ठोकून बसतं. मी मनाशी म्हटलं, जागा धरतो, तंबू लावतो, तोवर येईल. तळ्याला रस्ता एकच आहे, हरवणार कुठे? चूक काय त्यात? सांगा ना, चूक काय? पाच मिनिटंसुद्धा थांबलो नाही मी. नियम मोडला एवढंच.

गेलो तळ्यावर. कुणी नव्हतं. सेक्रेटरीसाहेब, काय पाणी होतं! पलीकडचा डोंगर आख्खा त्यात उतरलेला. मी तंबू ठोकला. अंथरुणं घातली, दोन्ही — दादाचं बिनखड्याच्या बाजूला, माझं खड्यांवर. हे लक्षात घ्या. म्हणजे माझ्या मनात काही वाईट नव्हतं, नाही का? मग चहा केला. किटली त्याच्याकडे, म्हणून डब्यात उकळला. बूट काढले, पाय पाण्यात सोडून बसलो. पहिला चहा प्यायलो, दुसरा केला. कुणी मला म्हणत नव्हतं हे टोक धर, गाडी दुसऱ्या गियरमधे ठेव, गोळी घेतलीस का. आणि मला इतकं — कसं सांगू — इतकं बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत एवढा हलका नव्हतो मी. मधे दोनदा मनात आलं, एवढा वेळ कसा लागला? आणि दोनदा मी म्हटलं, येईल, आला की बडबड सुरू होईल, अजून थोडं बसू. दोनदा. एकदा आलं असतं तर मी विसरलोसुद्धा असतो. ऊन डोंगराआड गेलं, पाण्यातले पाय गार पडले, तेव्हा उठलो. पाय गार पडले म्हणून उठलो! दादाची आठवण आली म्हणून नाही.

तो रस्त्याच्या खाली होता, दहा-बारा हात. मागे जाताना खुर्ची दिसली मला, घडीची, रस्त्याकडेला, म्हणून थांबलो, नाहीतर तसाच पुढे गेलो असतो. गाडी त्याच्या पायावर. तोंड पांढरंफटक. मी खाली घसरत गेलो, त्याने डोळे उघडले, आणि काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ‘आलास? किती लवकर आलास रे.’

लवकर!

मला तिथेच सांगायचं होतं. पण गाडी उचलायची होती. मग पिकअपमधे सांगायचं होतं, तर तो माझा हात धरून झोपला. मग हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, फार वेळ दबून राहिला पाय, तासाभरात काढला असता तर बहुतेक वाचवला असता. बहुतेक म्हणाल्या. मी त्या ‘बहुतेक’ला दोन वर्षं लोंबकळतोय. वहिनी धावत आली, तिने विचारलं काय म्हणाल्या, मी म्हटलं, म्हणाल्या की वेळेवर आणलंत. असं तोंडातून गेलं माझ्या. ठरवून नाही. आणि शुद्धीवर आल्यावर दादा सगळ्यांना सांगायला लागला, अर्ध्या तासात आला माझा भाऊ. घड्याळ फुटलं होतं त्याचं. मी म्हटलं, दादा — तो म्हणाला, तू गप्प बस, तुला काय सांगता येतंय. मग बसलो गप्प.

आता तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. इतका वेळ बघत नव्हतात तसे, ते बरं होतं. निदान दिव्याची चूक तर खरी आहे, असं तुमच्या मनात आलं ना? माणूस फसतो, आरशात एवढासा दिवा, कुणाचा काय कळणार? हो. असंच म्हणतात सगळे. पण दादाच्या गाडीचा दिवा पिवळा होता हो. जुना बल्ब, दहा वर्षं मागे लागलो होतो की बदल, म्हणायचा, पिवळा डोळ्याला बरा. आणि त्या बाईचा पांढरा. लख्ख पांढरा. डेपोची वाट मागे पडली तेव्हाच आरशात पिवळा जाऊन पांढरा आला, आणि मी पाहिलं. मी रंग बघूनच पोट भरणारा माणूस आहे, काळ्या रेक्झिनच्या चार छटा तुम्हाला डोळे मिटून — बरं, मिटून नाही — पण सांगतो. मला कळलं नाही असं कसं होईल? कळलं. आणि मी मनात म्हटलं, दिवा दिसतोय ना? नियम काय आहे? दिवा दिसला की चालायचं. चाललो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही तर बिनओळखीचे, फोमवर बसलेले, आणि तुम्हाला —

काय? दादाला माहीत नाही का? कसं असेल! मी म्हटलं ना, घड्याळ फुटलं होतं. कागद? हो, कागद त्यानेच जोडलाय. सव्वासात लिहिलंय त्यावर, ठळक. दोनला चहा संपला हेही त्यानेच लिहिलंय वर? बघू. हो. लिहिलंय. आणि दीड तासाचा रस्ता त्याला माहीतच आहे, तपासणीला दर महिन्याला जायचा. म्हणजे — थांबा. थांबा हं. तेहतीस वर्षं लोकांना ‘दर सहा तासांनी’, ‘जेवणानंतर दोन तासांनी’ सांगणारा माणूस — तुम्हाला दोन मिनिटांत जमलेली वजाबाकी त्याला — नाही. नाही हो. भोळा आहे तो. तुम्ही ओळखत नाही त्याला. एवढं माहीत असूनही माझ्या मागे बसायला निघाला असता का? सीट शिवून दे, असं म्हणाला असता का मला?

ते माझं नाव खोडा आधी. खोडा, तुमच्याकडे पेन आहे ना. आणि दादाला काय सांगायचं ते मी बघतो, आज सांगतो, तो आला की लगेच, तुम्ही साक्षीला थांबा वाटलं तर. आज नाही झालं तर मग —

आले वाटतं. रिक्षा थांबली. बसा, बसा, उठू नका.

या वहिनी. ये दादा, ये, सावकाश, सोल्युशन आहे तिथे. कसं झालं माप? बरं झालं. हे — हे क्लबचे सेक्रेटरी आले आहेत. हो, अर्जाचं. अरे, मला आधी सांगायचंस तरी! नाही, रागावलो नाही. काही नाही, आपलं असंच, गप्पा मारत होतो. वेळेचं विचारत होते ते. हो, किती वेळात आलो ते. मी सांगत होतो की, दादा, त्या दिवशी मी —

काय म्हणालास?

हो. हो दादा. तू म्हणतोस तसंच.

ऐकलंत ना, सेक्रेटरीसाहेब? अर्धा तास. तोच लिहायचा. त्याने सांगितलंय, त्याला विचारा, मला काय विचारता. आणि नाव राहू द्या माझं, येतो मी, स्टेजवर उभा राहतो. नाही, चहा नको त्यांना, वहिनी, त्यांना घाई आहे. या तुम्ही आता. दार लोटून घ्या जाताना.